गुलाबाचं तिसरं पान

त्या रविवारी मांस नीट शिजलं नाही, आणि ब्रिगिट्टा आत्याने त्याचाही दोष हर्मानच्या मशीनला दिला.

"चार दिवस व्हिनेगरमध्ये मुरवलं, पहाटेपासून चुलीवर आहे, तरी बुटाच्या तळव्यासारखं," ती झाकण आपटत म्हणाली. "ज्या घरात भांडण शिजतं ना, तिथे दुसरं काही शिजत नाही."

"भांडण कुठे आहे, आत्या?" ऑटिली उकडलेले बटाटे कुस्करत म्हणाली. "परीक्षा आहे."

"परीक्षा! चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, आणि पोटच्या पोरांसमोर परीक्षेला बसणार. लाज नाही वाटत?"

"कोणाला?"

"मला. मी त्याची बहीण आहे. दुसऱ्या कोणाला वाटेलसं दिसत नाही."

परीक्षा माझ्या पणजोबांनी, लाम्बर्ट वेसलिंग यांनी, ज्यांना घरात पापा म्हणत, स्वतःच ठरवली होती. आदल्या रविवारी, सूपमध्ये चमचा आपटून. लुइव्हिलच्या एका हॉटेलवाल्याला ऐंशी पलंग हवे होते. आठ फूट उंच डोईकडची बाजू, वर कमान, आणि मधोमध गुलाब आणि द्राक्षांची कोरीव फळी, जशी लाम्बर्ट वेसलिंगच्या हातची सिनसिनाटीत प्रसिद्ध होती तशी. न्यूयॉर्कवाल्यांना गुलाब-द्राक्षांचा कंटाळा येऊन दहा वर्षं झाली होती. पण आमच्या नदीकाठच्या हॉटेलवाल्यांपर्यंत कंटाळा उशिरा पोचतो, आणि आमचं घर त्या उशिरावरच जगत होतं.

ऐंशी पलंग फेब्रुवारीपर्यंत हवे होते. हाताने एक फळी कोरायला नऊ दिवस लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कोरीवकामाच्या खोलीत नऊ कारागीर आणि पापांची लेक ऑटिली, आणि त्यांना बाकीची कामंही होतीच. थोरल्या मुलाचं, हर्मानचं म्हणणं, कोरणारं मशीन आणू, वरची खोली बंद करू. कागद तयार होता, फक्त पापांची सही हवी होती.

"दोन फळ्या माझ्या हातात द्या," पापा गरजले होते. "एक हाताची, एक तुझ्या त्या लोखंडी माकडाची. बोटांना कळलं नाही तर तिथेच सही करतो. आणि कळलं, तर हर्मान, त्या मशीनचं नाव या घरात परत निघणार नाही."

आता यातली मेख अशी. पापांचे हात सहा वर्षांपासून थरथरत होते. लाम्बर्ट वेसलिंगच्या हातचं म्हणून जे काही त्या सहा वर्षांत बाहेर गेलं, ते सगळं ऑटिलीने कोरलेलं होतं. संध्याकाळी पापा जिना चढून वर येत, तिच्या बाकापाशी बसत, पूर्ण झालेल्या कामावरून खरवडणीचं पातळ पातं हळूच फिरवत, आणि मागे खडूने स्वतःच्या नावाची आद्याक्षरं लिहीत. नऊच्या नऊ कारागिरांना हे माहीत होतं. हर्मानला माहीत होतं. रस्त्यापलीकडच्या बिअरवाल्यालाही माहीत असावं. पण आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बोलायची पद्धत नाही. ती बोलायची नाही म्हणूनच तर सगळ्यांना माहीत असते.

"कुठली दिलीयस?" आत्याने आवाज खाली आणत विचारलं.

"शुक्रवारी संपवलेली."

"बरी झालीय का?"

"आजपर्यंतची सगळ्यात चांगली," ऑटिली म्हणाली. लाजली नाही, मुरडली नाही. बटाटा कसा झालाय ते सांगावं तसं सांगितलं.

आत्या तिच्या हाताकडे बघत राहिली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर एक जुना पांढरा वण होता. चौदा वर्षांची असताना ऑटिलीने पापांच्या जुन्या नमुन्यावरून पहिली फळी उतरवली होती. त्या नमुन्यात, डावीकडच्या गुलाबाच्या तिसऱ्या पानाशी, पटाशी एकदा घसरली होती. पापांनी तो घाव पानाची जादा शीर करून झाकला होता, आणि तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. पोरीने मात्र सगळं इमानाने उतरवलं, घसरलेला घावही. पापांनी पटाशीच्या मुठीने तिच्या बोटावर हाणलं होतं. "काम उतरवायचं असतं, गाढवे! चूक उतरवायची नसते!"

"त्या दिवशी मी त्याला चार दिवस सूप दिलं नव्हतं," आत्या म्हणाली.

"बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून माझं तिसरं पान स्वच्छ असतं."

"तू पण ना, बापाचीच पोरगी. मारलेलं बरोबर म्हणतेस." आत्याने मांसात काटा खुपसून पाहिला आणि शिवी पुटपुटली, जी आमच्या घरात फक्त जर्मनीतल्या, आमच्या मूळच्या ओल्डेनबर्गच्या बोलीत चालते. "अगं, अडतीस वर्षांची झालीस तू. खोली बंद झाली की काय करणार आहेस? हर्मानच्या पोरांचे मोजे विणणार?"

बटाट्याचा लगदा आधीच मऊ झाला होता, तरी ऑटिली तो कुस्करतच राहिली.

*

खाली अंगणात फळकुटांच्या थप्पीआड हर्मान माझ्या आजोबांना गाठून उभा होता. माझे आजोबा म्हणजे फर्डी, धाकटे. त्यांच्याकडे लाखेचं पॉलिश. बोटं कायम तपकिरी, आणि मत कायम शेवटच्या बोलणाऱ्याचं.

"फर्डी, तू मध्ये तोंड घालू नकोस, एवढंच."

"मी कधी घालतो?"

"तेच तर. घालत नाहीस, पण तोंड पाडून बसतोस. पापांना ते दिसत नसलं तरी कळतं." हर्मानने कोटाची बटणं लावली. कोट नवा होता आणि पोटावर थोडा जुना वाटत होता. "ऐक. मशीनला आपलं डोकं नसतं. मधे एक नमुना ठेवतात. माणूस त्या नमुन्यावरून एक बोथट काटा फिरवतो. काटा जिथे वर जाईल तिथे आठ पाती वर जातात, खाली उतरेल तिथे आठ खाली. एका वेळी आठ फळ्या. नऊ दिवसांऐवजी दीड दिवस."

"आणि नमुना कुठला दिलास त्यांना?"

हर्मान जरासा घुटमळला. "वरच्या खोलीतला."

फर्डीच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्यावरची भिंत आली. तिथे पापांची जुनी फळी टांगलेली असायची, धुराने काळी झालेली. दोन आठवड्यांपासून तिथे नुसता खिळा होता. ऑटिलीने विचारलं तेव्हा हर्मान "पुसायला दिलीय" म्हणाला होता.

"पापांची फळी? न विचारता? अरे, देवघरातला क्रूस गेला तर चालेल, पण ती..."

"मग काय तुझी देऊ? ऐंशी पलंगांवर लाम्बर्ट वेसलिंगचा हात हवाय लोकांना. मी लाम्बर्ट वेसलिंगचाच हात देतोय. उलट जास्त खरा." आणि मग आवाज मऊ करून, "पॉलिशची खोली वाढवावी लागेल, फर्डी. ऐंशी पलंग. तुला सहा माणसं देतो."

फर्डीने काल रात्री ऑटिलीला शब्द दिला होता की मी तुझ्या बाजूने बोलेन. सहा माणसं म्हटल्यावर त्याला तो शब्द नेमका काय होता ते आठवेना.

*

जेवणाच्या खोलीत बसायला जागा होती, पण आरामात बसायला नव्हती. आमच्या पणजोबांनी शिसवीचे सात पातळ थर आडवे-उभे सरसाने चिकटवून, वाफेवर वाकवून, अशा गोल पाठीचे सोफे केले की फिलाडेल्फियाहून लोक बघायला आले. त्यातला एक घरी ठेवला होता. पाठीवर वेली, वेलींवर घड, घडांवर पक्षी. त्याला टेकून बसलं की पक्ष्याची चोच बरोबर दोन खांद्यांमध्ये रुतायची. म्हणून पाहुण्यांना त्यावर बसवायचं आणि घरच्यांनी बाकावर बसायचं, असा रिवाज होता.

हर्मानची बायको कॉर्नेलिया, लग्नाला बारा वर्षं झाली तरी, सोफ्यावरच बसायची. ती टेकडीवरच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरातली. हिवाळ्यापासून ती शहरातल्या बायकांच्या कोरीवकामाच्या वर्गाला जात होती. तिथे एक इंग्रज गृहस्थ प्रतिष्ठित घरच्या बायकांना पटाशी धरायला शिकवायचा, मधल्या सुट्टीत चहा असायचा.

"माझी आयरिसच्या फुलांची फळी प्रदर्शनात घेतली," ती हातमोजे काढत म्हणाली. "वर्तमानपत्रात आलंय. नावासकट."

"वा!" आत्या मोठं भांडं टेबलावर ठेवत म्हणाली. "आयरिस म्हणजे ते, जे मला कोबी वाटलं होतं?"

"आत्या," हर्मान म्हणाला.

"असू दे," कॉर्नेलिया म्हणाली. "पाकळ्या जाड झाल्या आहेत. मला दिसतं ते. ऑटिलीने दाखवलं होतं पटाशी कशी वळवायची, पण माझं मनगट वळत नाही."

ऑटिलीने मान वर केली. तिने दाखवलं होतं हे खरं, पण ते कोणासमोर बोललं जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

पापा आले. फर्डीच्या खांद्यावर हात ठेवून, काळा रविवारचा कोट, दाढी विंचरलेली. खुर्चीत बसले आणि हवा हुंगली.

"मांस कच्चं आहे."

"मशीनने शिजवलंय," आत्या म्हणाली.

जेवण झालं, म्हणजे चघळणं झालं. बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी मात्र संपला. मग आत्याने टेबल पुसलं, हर्मानने दोन फळ्या आणून पापांसमोर ठेवल्या. दोन्ही शिसवी, दोन्हींना फर्डीचं सारखं पॉलिश.

मशीनची फळी ऑटिली पहिल्यांदाच पाहत होती. ती नाक मुरडायला तयार होऊनच आली होती. द्राक्षं बरी होती, थोडी झोपलेली. वेलीच्या खालची पोकळी कोणीतरी हाताने साफ केली होती, कारण सरळ खाली येणारं पातं वळून आत शिरत नाही. मग तिची नजर डावीकडच्या गुलाबावर गेली. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं.

तिसऱ्या पानावर ती जादा शीर होती.

भिंतीवरचा रिकामा खिळा तिला आठवला आणि सगळं एका क्षणात लख्ख कळलं. एवढंच म्हणायचं होतं, पापा, थांबा, यांनी तुमची जुनी फळी मशीनला घातली आहे. हर्मान उघडा पडला असता, परीक्षा मोडली असती, नऊ माणसांची खोली वाचली असती.

ती बोलली नाही. का, ते तिने पुढे म्हातारपणी माझ्या आईला सांगितलं. "सहा वर्षं ते माझ्या कामावर आपलं नाव लिहीत होते," ती म्हणाली. "मला एकदाच, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ही हाताची आहे, असं. माझी म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं हाताची. आणि मला खात्री होती की त्यांना कळेल."

पापांनी आधी ऑटिलीची फळी घेतली. थरथरणारा हात लाकडाला टेकला की थरथरायचा थांबे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोटं वेलीवरून चालली, घडाखाली शिरली, प्रत्येक द्राक्षाला एक एक वळसा घालून बाहेर आली. गुलाबाच्या पाकळीच्या काठावर अंगठा बराच वेळ थांबला. एकदा, दोनदा. त्यांच्या भुवया वर गेल्या. ऑटिलीने टेबलाखाली स्वतःचं मनगट घट्ट धरलं.

"हं," पापा म्हणाले, आणि फळी खाली ठेवली.

मग दुसरी. वेल. घड. "हं," पुन्हा, जरा नाराजीने. गुलाब. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर बोट अडलं. मागे आलं. पुन्हा त्या शिरेवरून गेलं. आणि म्हातारा हसायला लागला, अगदी मनापासून.

"सापडला चोर! ही हाताची. ही माझी! हे बघा, इथे. तिसरं पान. अठ्ठावीस वर्षांपूर्वी घसरली होती पटाशी, आणि अजून तिथेच घसरते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. माणसाचा हात आहे हा, चुकणारच!"

"आणि ती पहिली?" हर्मानने विचारलं. तो शांतपणे विचारत होता, पण कान लाल झाले होते.

"ती? ती मशीनची." पापांनी ऑटिलीची फळी हाताच्या मागच्या बाजूने दूर ढकलली. "छान आहे, नाही म्हणत नाही. पण फार स्वच्छ आहे. एक घाव इकडचा तिकडे नाही. हात असा चालत नाही, पोरांनो. याला जीव नाही."

कालव्यावरून जाणाऱ्या नावेच्या खेचराला कोणीतरी हाकत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"पापा," हर्मान म्हणाला, "तुम्ही उचललीत ती मशीनची आहे."

"काहीतरीच."

"तुमच्या जुन्या फळीवरून कापलीय. मी पाठवली होती. ती घसरलेली शीर... मला माहीतच नव्हतं ती चूक आहे. मशीनला तर नव्हतंच नव्हतं."

पापांचा हात परत थरथरायला लागला. "म्हणजे मशीनने माझी चूक कोरली?"

"आठ वेळा," फर्डी म्हणाला. माझ्या आजोबांना गप्प बसावं तेव्हाच तोंड फुटायचं. "एका वेळी आठ पाती असतात ना."

"फर्डी!"

"मग ही कोणाची?" पापांनी दूर ढकललेली फळी चाचपडत पुन्हा ओढली. "ही कोणाची आहे?"

कोणी बोलेना. सहा वर्षांची सवय होती. शेवटी ब्रिगिट्टा आत्या उठली, फळी उलटी केली आणि म्हणाली, "लाम्बर्ट, तुझीच. मागे खडूने तुझी अक्षरं आहेत. शुक्रवारी तूच लिहिलीस. वाचून दाखवू?"

"आत्या, पुरे," ऑटिली म्हणाली.

"का पुरे? आज पहिल्यांदा तर सुरू झालंय! शुक्रवारी म्हणे माझी, रविवारी म्हणे मशीनची, आणि जिने कोरली ती समोर बसून हे ऐकतेय! अरे देवा, मी तुम्हा सगळ्यांना सूप घालते, खरं तर मी विष घालायला हवं!"

पापांचा चेहरा एकदम लहान झाला. दाढीसुद्धा जास्तीची वाटायला लागली.

"मी फक्त हात फिरवतो," ते म्हणाले. "सहा वर्षं. मी फक्त हात फिरवतो त्यावरून." मग, कोणाकडे वळावं हे न कळून, अंदाजाने, "ऑटिली?"

"इथे आहे, पापा."

"मी म्हटलं याला जीव नाही."

"हो. ऐकलं मी."

"तू बोलली का नाहीस? ती शीर दिसली असेल तुला."

"दिसली."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला माझा हात कळेल." तिचा आवाज इथे फुटला, आणि तो फुटला याचा तिला राग आला. "तुम्हीच मारून शिकवलंत ना स्वच्छ कोरायला? शिकले मी. आता स्वच्छ आहे म्हणून मशीनची!"

कॉर्नेलियाने इथे आपला रुमाल ऑटिलीच्या मांडीवर टाकला. नवऱ्याकडे न बघता टाकला, हे हर्मानने पाहिलं.

"शब्द म्हणजे शब्द," पापा शेवटी म्हणाले. "ओळखलं नाही. आण कागद."

"पापा, आजच पाहिजे असं नाही," हर्मान म्हणाला. जिंकल्यावर त्याला एकदम कसंतरीच व्हायला लागलं होतं.

"आण म्हटलं ना! आता दया दाखवू नकोस, तुला शोभत नाही."

फर्डीने त्यांचा हात धरून ओळीवर ठेवला. सही झाली. सही थरथरली, पण झाली.

"वरचे नऊ जण?" आत्याने विचारलं.

"खोली बंद नाही करता येणार," ऑटिली नाक पुसत म्हणाली. तिच्यातल्या कारागिराला चूक सहन होत नव्हती, स्वतःच्या पराभवाच्या हिशेबातलीसुद्धा. "ते पातं खालच्या पोकळीत शिरत नाही. द्राक्षांमधलं जादा लाकूड कोणीतरी काढलंच पाहिजे. नऊ जण लागतीलच."

"ते मी धरलंय," हर्मान चटकन म्हणाला. त्याने ते अजिबात धरलं नव्हतं. "मशीन कोरेल, ते फक्त हात फिरवतील."

पापा "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळला.

"आणि एक," पापा म्हणाले. "माझी फळी आजच्या आज भिंतीवर परत. माझी घसरलेली पटाशी ऐंशी लोकांच्या डोक्याशी? लुइव्हिलचे दारुडे तिच्याखाली झोपणार? मेल्यावरसुद्धा मला झोप लागणार नाही. मशीनला ही द्या." त्यांनी ऑटिलीच्या फळीवर तळवा ठेवला. "हिच्यात चूक नाही."

हर्मानचा चेहरा उजळला. नमुना अधिक स्वच्छ, काम अधिक स्वच्छ. त्याने मनात आकडेही मांडले असावेत. "उत्तम! ऑटिली, बघ, तुझंच काम ऐंशी ठिकाणी!"

"नावाने कोणाच्या?" कॉर्नेलियाने विचारलं.

"म्हणजे?"

"हॉटेलच्या कागदावर काय लिहिणार आहेस?"

"लाम्बर्ट वेसलिंगच्या हातचं. तेच विकलंय आपण. आता लोकांना कुठला वेसलिंग हे कशाला..."

"हर्मान, माझा कोबी प्रदर्शनात आहे. चिठ्ठीवर माझं नाव आहे, वर्तमानपत्रात आहे. मला लाज वाटते रे." ती सोफ्यावरून उठली. पक्ष्याच्या चोचीत अडकलेली तिची शाल टरकन फाटली, पण तिने वळून पाहिलं नाही. "नाव घाल तिचं."

"बाईने कोरलेला पलंग कोण घेईल, कॉर्नेलिया? शौक म्हणून बघतील, प्रदर्शनात टाळ्या वाजवतील. विकत घ्यायचा म्हटला की..."

"घालू नका नाव," ऑटिली म्हणाली.

ती उठून जिन्याने वर गेली. वरच्या मजल्यावर पावलं वाजली. फर्डीला वाटलं, रडायला गेली. आत्यालाही तसंच वाटलं, म्हणून ती कॉफी ठेवायला लागली. पण ऑटिली लगेच परत आली, आणि तिच्या हातात तिची अर्धगोल पटाशी होती, नासपतीच्या लाकडाच्या मुठीची.

"ऑटिली, ठेव ते," हर्मान म्हणाला. "ऑटिली! नऊ दिवसांचं काम आहे!"

"माझंच आहे ना?"

तिने फळी स्वतःकडे ओढली. हात कापत नव्हता. डावीकडचा गुलाब, तिसरं पान. पटाशी तिरकी टेकवली, तळव्याने एक ठोका दिला. फर्डीच्या चकचकीत पॉलिशमधून एक बारीक, लालसर, ताजी चीर पानाच्या पोटातून देठाकडे उतरली. पापांच्या शिरेसारखी नव्हती ती. ती उजवीकडे झुकली होती. ऑटिलीने झाकायचा काही प्रयत्न केला नाही.

हर्मानने डोकं धरलं. माझे आजोबा म्हणाले, "पॉलिश पुन्हा करावं लागेल."

तिने पापांचा हात उचलला आणि पानावर ठेवला. म्हाताऱ्याचं बोट शिरेत उतरलं, टोकापर्यंत गेलं, परत आलं. पुन्हा गेलं. लाकडाचा भुसा नखात अडकला.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मुद्दाम?"

"हो."

"गाढवे," पापा म्हणाले. ओठ हलत होते, आणि बोट काही केल्या त्या शिरेवरून उठत नव्हतं. "तुला किती वेळा सांगितलंय. चूक उतरवायची नसते."

"मला नका सांगू, पापा," ऑटिली म्हणाली. "मशीनला सांगा."